चाकआत्या आणि वीज नसलेली वस्ती

माझ्या आत्याला सगळी वस्ती चाकआत्या म्हणते. तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. कारण साधं आहे. ओढ्याकाठच्या दगडी खोलीत एक लोखंडी चाक आहे, ते पाण्यानं फिरतं, त्याच्या जोरावर आमच्या चाळीस घरांत दिवे लागतात आणि ते चाक आत्या सांभाळते. सव्वीस वर्षं. एवढी वर्षं तिनं नवऱ्यालासुद्धा सांभाळलं नाही, असं ती स्वतःच सांगते. तो बिचारा आधीच गेला.

आत्या बुटकी आहे, पायांत पुरुषी बूट घालते, चष्मा दोरीनं गळ्यात बांधते आणि कायम ओरडून बोलते. चाकाच्या खोलीत ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, त्यामुळं तिला हळू बोलण्याची सवयच राहिली नाही. कुणाच्या मयताला गेली तरी ती घरच्या माणसांचं सांत्वन एवढ्या मोठ्यानं करते की दोन घरं पलीकडचे लोक बाहेर येतात. राग तर तिच्या नाकावरच बसलेला असतो. पण मला विचाराल तर एवढ्या वर्षांत तिचा एकही राग फुकट गेलेला नाही.

सकाळी सहाला ती दंताळं घेऊन पाटाच्या तोंडाशी जाते. तिथं जाळी आहे. जाळीवर साठलेला पालापाचोळा ओढून काढते, पाणी मोकळं करते. मग खाली येऊन खोली उघडते. पट्टा बोटानं दाबून बघते, ग्रीस भरते आणि शेवटी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चाकाच्या बेअरिंगच्या कवचावर टेकवून त्याची मूठ कानाला लावते. डोळे मिटून मिनिटभर ऐकते. "आज बरं आहे," किंवा "आज कुरकुरतंय," एवढंच म्हणते. एरवी आभाळ कोसळलं तरी चालेल, पण त्या मिनिटात कुणी बोलायचं नाही.

हे चाक आम्हाला कुणी दिलेलं नाही, हे आधी सांगून टाकते. मुख्य तारा आमच्या वस्तीपर्यंत कधी आल्याच नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी थांबल्या. तेव्हा आत्याचा नवरा वेल्डर होता. त्यानं बंद पडलेल्या एका गिरणीतून हे चाक उचललं, वस्तीनं पाट खणला आणि पाइप खांद्यावरून वर चढवले. तो गेला तेव्हा चाक कोण चालवणार यावर बैठक बसली. बैठक चालू असतानाच दिवे लागले. आत्यानं पाण्याची झडप उघडली होती. बैठक तिथंच संपली.

चाकाचा जीव लहान. दिवे, रेडिओ, पंखे हे सगळं त्याला झेपतं, पण इस्त्री किंवा वेल्डिंगसारखं जड काम एका वेळी एकाच घरात चालतं. दोन ठिकाणी चाललं की सगळ्यांचे दिवे मिणमिणतात. म्हणून आत्यानं पत्र्याचा एक लाल बिल्ला कापला. बिल्ला ज्याच्या दाराला टांगलेला, त्यानंच जड यंत्र लावायचं, काम झालं की पुढं द्यायचा. त्यामुळं आमच्याकडं दिवसातून सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य म्हणजे "बिल्ला कुणाकडं आहे?" कुणीतरी अंगणातून ओरडायचं आणि ज्याला माहीत असेल त्यानं उत्तर द्यायचं. यात आम्ही पोरवयापासून इतके मुरलो आहोत की झोपेतसुद्धा उत्तर देऊ.

सहा वर्षांपूर्वी चाकाचं मोठं बेअरिंग कुरकुरायला लागलं. आमच्या इथल्या कामचलाऊ डागडुजीत बसणारी ही गोष्ट नव्हती; ते बाहेरूनच मागवावं लागणार होतं. मी वस्तीच्या समितीची सचिव आहे. म्हणजे माझं अक्षर बरं आहे, त्याची ही शिक्षा. मी प्रादेशिक ऊर्जा कार्यालयाला अर्ज केला. उत्तर आलं: आपली मागणी दुरुस्ती या सदरात मोडते, योजनेत दुरुस्ती हे सदर नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. असे चार अर्ज झाले. चारही उत्तरांत फक्त तारीख वेगळी होती, बाकी स्वल्पविरामही जागेवर होते.

"नवीन मागितलं तर देतात?" आत्यानं विचारलं.

"नवीन असेल तर देतात. पाणी, वारा, ऊन, काहीही. फक्त नवीन पाहिजे."

"म्हणजे जे चालतं त्याला काही नाही. जे अजून नाहीच, त्याला सगळं." ती दंताळ्याचे दात पुसत होती. "छान. मग माणसानं दवाखान्यात न जाता सरळ दुसरा जन्म घ्यावा."

मग मागच्या वर्षी साहेब आले. कार्यालयातला हा माणूस वाईट नव्हता, उगाच का खोटं बोलू. दमलेला होता, बुटांना चिखल लागला होता आणि वर्षअखेरपर्यंत त्याला अमुक इतक्या वस्त्या उजळवून दाखवायच्या होत्या. त्यानं शाळेच्या खोलीत आम्हाला नवी योजना समजावली. सौर पॅनेल, बॅटऱ्यांची खोली, सगळं शंभर टक्के अनुदानातून. मात्र अट अशी की वस्तीत विजेची कुठलीही सोय असता कामा नये. आमचं चाक? ते आधी कायमचं बंद करायचं, मंजुरीनंतर काढून रिकाम्या खोलीचा फोटो जोडायचा. आणि ओढ्याच्या पाण्याची परवानगी आत्याच्या नावावर असल्यामुळं, चाक बंद झाल्याच्या दाखल्यावर सही तिचीच लागेल.

आत्या उठून उभी राहिली. "सूर्याशी माझं काही वाकडं नाही. उन्हाळ्यात ओढा आटतो, तेव्हा तो मदतीला आला तर मी त्याला चहा पाजीन. चाक आहे तिथं राहू दे, शेजारी तुमची पॅनेलं लावा."

"तसं बसत नाही, बाई. एका वस्तीला एकच स्रोत."

"कुणी ठरवलं?"

"वरून आलंय."

"वरून आमच्याकडं फक्त पाणी येतं," आत्या म्हणाली, "आणि त्यालाही आम्ही जाळी लावून ठेवलीय."

डोंगरापलीकडच्या वस्तीला हीच योजना तीन वर्षांपूर्वी मिळाली होती. आत्या दुसऱ्या दिवशी चालत तिकडं जाऊन आली. पॅनेलं धडधाकट होती. दीड वर्षात बॅटऱ्या मेल्या होत्या. कंत्राटदाराचा फोन अस्तित्वात नव्हता, कुंपणाला कुलूप होतं आणि किल्ली प्रादेशिक कार्यालयात होती. बॅटऱ्यांत पाणी घालायलासुद्धा कुणाला नेमलेलं नव्हतं. "यंत्र दिलं, माणूस दिला नाही," आत्यानं येऊन सांगितलं. "उद्घाटनाचा दगड मात्र अजून मस्त आहे."

पण वस्तीला आत्याचं पटेना, आणि वस्तीचंही काही चूक नव्हतं. नर्सला लसींच्या फ्रिजची काळजी होती. ओढ्याचं पाणी कमी झालं की तिला बर्फ पायथ्यावरून पाठीवर आणावा लागे. दुकानदाराला मोठा फ्रीझर हवा होता. शिंप्याला बिल्ल्याची वाट बघत बसण्याचा कंटाळा आला होता. आणि कुरकुरणारं बेअरिंग आज ना उद्या मोडणार हे सगळ्यांना दिसत होतं. हातचं जाण्याआधी मिळतंय ते घ्यावं, असं बहुमतानं ठरलं. आत्याशी लोक तुटक वागायला लागले. तिच्यामुळं सगळ्यांचं अडलंय, असं तिच्या देखत बोलायला लागले.

अर्ज मी लिहिला. लपवून काय उपयोग? संध्याकाळी टेबलाशी बसून मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "सदर वस्तीत विजेची कोणतीही सोय नाही," आणि शाई नीट वाळली का ते बघायला कागद दिव्याजवळ धरला. दिवा चाकाचा. आत्या मागं उभी होती, मला कळलं नव्हतं.

"अक्षर चांगलं आलंय," ती म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी अर्ज मी पाठवला.

पाहणीचा दिवस ठरला. आम्ही घराघरांतले दिवे काढून कपाटांत ठेवले. खांबांवरच्या रबरी आवरणाच्या तारांवर ओले कपडे वाळत घातले, दुकानदाराची कल्पना. चाक बंद करायला दुकानदार आणि शिंपी खोलीत गेले आणि झडप गरागरा फिरवायला लागले. आत्या धावत आली. एवढं पाणी एकदम अडवलं की पाइप फुटतो, हे त्या दोघांना सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं. तिनं दोघांना बाजूला केलं आणि झडप स्वतः, थांबत थांबत, वीस मिनिटं घेऊन बंद केली. "मारायचंच असेल तर निदान नीट मारा," असं म्हणून ती शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसली. चाक थांबल्यावर वस्तीत जी शांतता झाली ती मला अजिबात सोसली नाही.

साहेब आले. सोबत ड्रायव्हर होता, आणि दाखले जागेवर छापून द्यायला एक छोटा प्रिंटर. साहेबांनी वाळत घातलेल्या कपड्यांकडं बघितलं, मग कपड्यांखालच्या तारांकडं बघितलं आणि फॉर्मवर बरोबरची खूण केली. सगळं सुरळीत चाललं होतं. शाळेच्या खोलीत बसून दाखला छापायची वेळ आली आणि प्रिंटर बंद. ड्रायव्हर रात्री तो चार्ज करायला विसरला होता.

"कुठं लावता येईल का जरा?" ड्रायव्हरनं हातात वायर धरून विचारलं.

आणि दुकानदार, ज्यानं तारांवर कपडे घालायची अक्कल लढवली होती, तोच दुकानदार खिडकीतून डोकं बाहेर काढून सवयीनं ओरडला, "बिल्ला कुणाकडं आहे?"

बाहेरून तीन घरांतून एकदम उत्तर आलं, "शिंप्याकडं!"

शिंप्यानं खिशातून अर्धवट काढलेला बिल्ला परत आत ढकलला. नर्स तोंडावर रुमाल धरून भिंतीकडं वळली.

"कसला बिल्ला?" साहेबांनी विचारलं.

मागच्या बाकावरून आत्या उठली. "दहा मिनिटं थांबा," म्हणाली, "तुमच्या यंत्राची सोय करते." ती गेली. आम्ही सगळे जमिनीकडं बघत बसलो. थोड्या वेळानं खालून ती ओळखीची घरघर आली, आणि मग साहेबांच्या डोक्यावरचा पंखा हळूहळू फिरायला लागला. दिवे काढायच्या नादात पंखा आम्ही साफ विसरलो होतो. शेजारच्या घरात रेडिओ सुरू झाला आणि हवामानाचा अंदाज सांगायला लागला.

साहेबांनी वर पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी सचिव. माझ्याच अक्षरातला अर्ज त्यांच्या मांडीवर होता.

"मी काही पाहिलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "वस्तीचं नुकसान करायची माझी इच्छा नाही. छाप रे."

ड्रायव्हरनं प्रिंटर लावला. कागद बाहेर आला. आत्या परत आली तेव्हा तिचे हात ग्रीसनं काळे होते. ते पुसून तिनं कागद घेतला, चष्मा चढवला आणि मोठ्यानं, अगदी चाकाच्या खोलीतल्या आवाजात वाचला. वस्तीत वीज नाही. जुनं यंत्र कायमचं बंद आहे.

"साहेब, हा कागद कुठल्या विजेवर छापला, ते कुठं लिहायचं?"

"त्याचा रकाना नाही, बाई."

"मग कडेला लिहिते." आणि तिनं समासात, मोठ्या अक्षरात लिहिलं: हा कागद चाकाच्या विजेवर छापला आहे. चाक चालू आहे. खाली सही केली, तारीख घातली. साहेबांच्या हातात दिला. "सही पाहिजे होती ना? घ्या."

अनुदान गेलं. पुढचे दोन महिने वस्तीनं आत्याला वाळीतच टाकलं. दुकानदार तिला सामान द्यायचा, पण सुट्टे पैसे हातात न देता फळीवर ठेवायचा. नर्स बर्फ आणायला निघाली की मुद्दाम आत्याच्या दारावरून जायची, ते आत्याला लागायचं. आत्या त्यांच्या दिव्यांसाठी रोज सहाला जाळी साफ करत राहिली. मी एकदा म्हटलं, दोन दिवस बंद ठेव, म्हणजे कळेल लोकांना. ती माझ्यावरच खेकसली. "मी रुसले म्हणून चाक का रुसेल?"

मग बेअरिंग मोडलं. भर दुपारी, मोठा आवाज करून. आत्यानं चाक थांबवलं, सगळं खोललं, मोडकं बेअरिंग काढून मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. नवरा गेला तेव्हा ती झडप उघडायला गेली होती; आता उघडायला काही नव्हतं.

वस्ती अंधारात बसली आणि त्याच आठवड्यात टपालानं प्रादेशिक कार्यालयाचा वार्षिक अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. समितीच्या सचिवाला एक प्रत फुकट. मी चाळत होते आणि सतराव्या पानावर थांबले. "योजनेअंतर्गत नव्याने प्रकाशित झालेल्या वस्त्या" या तक्त्यात अकराव्या क्रमांकावर आम्ही होतो. चाळीस घरं, स्रोत पाणी, स्थिती: चालू. पुरावा म्हणून चालकाच्या सहीचा दाखला. साहेबांना आकडा भरायचा होता आणि आत्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं की चाक चालू आहे.

माझं डोकंच फिरलं. चार अर्जांना नाही म्हणणाऱ्यांनी आमचं चाक स्वतःच्या नावावर चढवलं होतं. मी अहवाल चुलीत घालायला निघाले होते. आत्यानं तो माझ्या हातातून घेतला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि मलपृष्ठावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. योजनेतल्या प्रत्येक यंत्राला दोन वर्षांची हमी. बिघाड झाल्यास मोफत बदलून मिळेल.

"उद्या पहिली बस," ती म्हणाली.

प्रादेशिक कार्यालयात काचेचं टेबल होतं. आत्यानं पिशवीतून मोडकं बेअरिंग काढून त्यावर ठेवलं. ग्रीस पसरलं. साहेब फाइल वाचवायला मागं सरकले.

"तुमचं यंत्र बिघडलंय," आत्या म्हणाली. बाहेरच्या रांगेतली सगळी माणसं आत वाकून बघायला लागली.

"आमचं? बाई, ते तुमचं जुनं चाक आहे."

आत्यानं अहवाल उघडून सतरावं पान समोर ठेवलं. "हे तुमचं आहे असं तुम्ही छापलंय. असेल तर हमीत बदलून द्या. नसेल तर 'हे आमचं नाही' असं लिहून द्या. मी घरी जाते."

"लिहून कसं देणार? अहवाल वर गेलाय."

"मग बदलून द्या."

"दुरुस्तीचं सदर..."

"दुरुस्ती कोण मागतंय? हमी मागतेय. तुमच्याच पुस्तकात आहे." ती खुर्ची ओढून बसली. "दोन्हीतलं काहीही चालेल मला. बस संध्याकाळची आहे."

साहेब आत गेले, बाहेर आले, फोन केला, पुन्हा आत गेले. दुपारी शिपायानं आम्हाला चहा दिला आणि आत्याच्या कानाशी लागून म्हणाला, "मावशी, उठू नका." साडेचारला साहेबांनी बेअरिंगवरचा क्रमांक वहीत उतरवून घेतला.

नवव्या दिवशी नवं बेअरिंग आलं. ते बसवायला दुकानदार, शिंपी आणि नर्सही खोलीत आली. तिथं कुणी कुणाची माफी मागितली नाही. आत्या नेहमीसारखी ओरडत होती, आणि ती तिघं मुकाट्यानं पाना द्या, दिवा धरा, ओढा, सोडा, असं ऐकत होती. झडप उघडली. आत्यानं स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली. आम्ही श्वास रोखून उभे. ती नुसती हसली.

बेअरिंगसोबत एक छापील फॉर्मही होता: कार्यपूर्ती दाखला. सदर यंत्राची उभारणी योजनेच्या अनुदानातून झाली असून वस्ती समाधानी आहे. खाली सही सचिवाची. सोबत साहेबांची चिठ्ठी, की हा दाखला आला नाही तर दिलेला माल परत घ्यावा लागेल.

फॉर्म घेऊन मी टेबलाशी बसले. आत्यानं काही सांगितलं नाही, विचारलंही नाही. एकदा मी खोटं लिहिलं होतं, तेव्हाही तिनं अडवलं नव्हतं. मग मी छापलेल्या दोन्ही ओळी खोडल्या आणि माझ्या बऱ्या अक्षरात लिहिलं:

"उभारणी वस्तीनं केली, सव्वीस वर्षांहूनही आधी, कुणाच्याही अनुदानाशिवाय. आपण एक बेअरिंग दिलंत, तेही सहा वर्षं उशिरा. वीज नसल्याचा आमचा अर्ज खोटा होता, तो मी लिहिला होता. आपला अहवालही खोटा आहे, तो कुणी लिहिला ते आपण शोधावं. माल परत हवा असेल तर जरूर यावं. तो काढायला आधी चाक थांबवावं लागतं, आणि ते थांबवणारं या वस्तीत आता कुणी नाही."

खाली मी सही केली. मग कागद घेऊन घराघरांत फिरले. चाळीसही घरांनी सह्या केल्या. पहिली दुकानदारानं केली.